लग्न आणि नाटक एकाच संध्याकाळी असेल तर रस्ता नंतर बघा, आधी गाडी कुठे ठेवायची ते ठरवा

ताई, तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात एकाच दिवशी नागपुरात वर्धा रोडवर एअरपोर्टच्या जरा अलीकडे लॉनवर मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न आहे, गोरज मुहूर्त 5 वाजून 52 मिनिटांचा, आणि साडेसातला सिव्हिल लाईन्सला देशपांडे सभागृहात नाटक, तिकिटं काढून झालीत, सोबत आई, घर त्रिमूर्ती नगरात, जवळ एक स्कूटी, भावाकडे कार आहे पण तो लग्न सोडून नाटकाला येणार नाही. आणि विचारलंय की कोणता रस्ता घेऊ. मी याच्यात आधी पोळलेला माणूस आहे म्हणून एवढं लांबलचक लिहून राहिलो.

वर एका दादांनी रिंग रोडचा सल्ला दिलाय. दादा, राग मानू नका, पण एअरपोर्टकडून सिव्हिल लाईन्सला जायला रिंग रोड कशाला? आणि खरं तर रस्त्याचा प्रश्नच नाही हा. आपलं नागपूर अजून एवढं मोठं झालं नाही. लॉनपासून सभागृहापर्यंत आठ-नऊ किलोमीटर असेल, रात्री अकराला गाडी काढली तर विसेक मिनिटांत पोचाल. पुण्या-मुंबईचे नातेवाईक हे ऐकून हसतात आपल्याला. संध्याकाळी सहा-साडेसहाला गर्दी असते हे खरं, अजनी चौक, रहाटे कॉलनी, सगळीकडे रांगा, पण तेवढ्यानं कोणाचं नाटक बुडत नाही.

बुडतं ते लॉनच्या पार्किंगमध्ये. तुम्ही साडेपाचला पोचता, पार्किंगवाला पोऱ्या शिट्टी मारून गाडी एकदम आत भिंतीला लावायला सांगतो, मग तुमच्या मागे एक रांग, तिच्या मागे दुसरी, आणि पावणेसातला निघायच्या वेळी तुमच्या गाडीपुढे कोणाच्या तरी मामाची इनोव्हा उभी, चावी मामाच्या खिशात आणि मामा वरातीत नाचून राहिले. गेटवर वरात आली की बाहेर पडायचा रस्ताही तोच. घोडी, बँड, लाईटवाले, आणि पोट्टे एकदा नाचायला लागले की पोलीस आले तरी हलत नाहीत. त्यामुळे भाऊ म्हणेल "मी सोडून देतो नं कारनं, दहा मिनिटांचं काम", तर प्रेमानं नाही म्हणा. त्याची कार निघणारच नाही.

आता मुहूर्ताचं. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो म्हणून गोरज मुहूर्त पावणेसहा-सहाचा छापतात. पण छापलेली वेळ भटजींची असते, अक्षता पडतात त्या बँडच्या वेळेवर. 5 वाजून 52 मिनिटांचं लग्न सातला लागलं तरी आपल्याकडे लोक म्हणतात वेळेत लागलं हो! नाटकाचं तसं नाही. तिसरी घंटा झाली की पडदा वर. आपल्याकडे सुरू व्हायला पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होतात, पण त्या पाच-दहा मिनिटांच्या भरवशावर आईला अंधारात पायऱ्या चढायला लावू नका. म्हणजे एका कार्यक्रमाची वेळ सरकणारी आहे आणि दुसऱ्याचं दार बंद होणारं आहे. हिशोब नेहमी दाराकडून मागे मागे करायचा. लग्नाकडून सुरुवात केली की गेलं सगळं.

इथे माझं दुखणं आलं, थोडं सहन करा. माझं तेव्हा एका बाजूला चुलत बहिणीचं लग्न आणि दुसऱ्या बाजूला शहरातल्या एका मोठ्या सभागृहात गझलांची मैफल, फुकट पासवाली. आयोजकांचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पास घ्यायला त्यांच्या ऑफिसात गेलो तेव्हा एक गृहस्थ खुर्चीत मागे रेलून फोनवर बोलत होते, बोलणं संपेपर्यंत उभं ठेवलं, मग म्हणाले पासेस चार नंतर. चार नंतर गेलो तर शटर अर्धं खाली. शेवटी पास मिळाला तेव्हा मी सरळ विचारलं की साहेब, घरचं लग्न आहे, थोडा उशीर झाला तर चालेल का, जागा राहील का. "पास आहे नं तुमच्याजवळ? मग कधीही या, टेन्शन नको." फोन करून परत विचारलं, तेच उत्तर, वर "सगळं पासवर लिहिलंय" म्हणून फोन ठेवला. पासच्या मागच्या बाजूला खरंच लिहिलं होतं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, की पंधरा मिनिटं आधी आसन ग्रहण करावे, त्यानंतर प्रवेशाची हमी नाही. आता ऑफिसातला माणूस तोंडानं एक सांगतो आणि कागद दुसरं, तर सामान्य माणसानं कोणाचं ऐकायचं?

मी अक्षता पडायच्या आधी लग्नातून निघालो, काकूंच्या डोळ्यांदेखत. पोचलो तर दार लावलेलं, हॉल फुल्ल, बाहेर माझ्यासारखेच पास हातात घेऊन शेकडो लोक उभे, कारण यांनी खुर्च्यांपेक्षा पासच जास्त वाटले होते. आणि गंमत म्हणजे आत मैफल सुरूच झाली नव्हती! दीपप्रज्वलन, मान्यवरांचे सत्कार, शाल-श्रीफळ, मग भाषणं, स्पीकरवर बाहेर सगळं ऐकू येऊन राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात तक्रार करायला गेलो तर "लेखी द्या". लेखी दिलं. त्याचं काय झालं ते त्यांनाच माहीत. इकडे काकू अजूनही प्रत्येक कार्यात चारचौघांत म्हणतात, "याला वेळ नसतो बाबा, याला लवकर वाढा."

तुमचं नाटक तिकिटाचं आहे, सीट नंबर आहे, म्हणजे हा धोका तुम्हाला नाही. पण फुकट पासच्या कार्यक्रमाला कोणी दुसरा कार्यक्रम जोडणार असेल तर माझं स्पष्ट मत, जोडू नका. किंवा पासवाल्या कार्यक्रमाला आधी जा आणि दुसरीकडे उशिरा पोचा. ऑफिसातल्या तोंडी शब्दावर तर अजिबात जाऊ नका.

बरं, आता तुमचं काय करायचं ते. गाडी पहिल्या कार्यक्रमाला न्यायचीच नाही, शेवटच्या ठिकाणी आधीच नेऊन ठेवायची. आईला भावाच्या कारनं सरळ लॉनवर जाऊ द्या, घरचेही सोबत असतील. तुम्ही दुपारी साडेतीन-चारला स्कूटी देशपांडे सभागृहाच्या आवारात लावा, तेव्हा तिथे गर्दी नसते, वॉचमनला रात्रीचं तिकीट दाखवून सांगून ठेवा. तिथून ऑटोनं झिरो माईल मेट्रो स्टेशन, आणि खापरीकडे जाणारी मेट्रो. दोन्ही टोकं ऑरेंज लाईनवरच आहेत, त्यामुळे बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या जंक्शनला, गाडी बदलायची भानगड नाही. लॉन नेमकं कुठे त्याप्रमाणे उज्ज्वल नगर किंवा एअरपोर्ट स्टेशनला उतरा. वीस-पंचवीस मिनिटं धरा, वरून बघत बघत जायचं, खाली सिग्नलला लोक हॉर्न वाजवून राहिलेले दिसतात. परत येताना आईला घेऊन असंच उलटं. लॉनमधून सव्वासहाला पाय काढायचा म्हणजे काढायचा, पायी गेटबाहेर पडायला वरातीतूनही वाट मिळते, गाडीला मिळत नाही. ऑटोवाल्याशी भाव आधी ठरवून घ्या, मीटरचं नाव काढलं की आपल्याकडचे ऑटोवाले असे बघतात की जणू आपण त्याची किडनी मागितली.

सव्वासहाला निघायचं तर अक्षता चुकतील, हे खरं. मग लवकर जा. पाचला पोचा, नवरी तयार होत असते त्या खोलीत जाऊन भेटा, अहेर तिथेच द्या, फोटो तिथेच काढा. स्टेजसमोरच्या रांगेत अर्धा तास उभं राहून दोन सेकंद हसण्यापेक्षा ती भेट तिच्या जास्त लक्षात राहते. अक्षता किती वाजता पडणार ते नवरीच्या वडिलांना विचारू नका, ते बिचारे पत्रिकेतलीच वेळ सांगतील. बँडवाल्याला विचारा वरात कुठून आणि किती वाजता निघणार, त्याला पक्कं माहीत असतं. जेवण तेव्हा सुरू झालेलं नसतं पण चाटचे स्टॉल लागलेले असतात, आईला तिथे काहीतरी खाऊ घाला, नाटक सुटेपर्यंत उशीर होतो.

कोणाला गाडीनंच जायचं असेल तर एक सांगून ठेवतो. वर्धा रोडवरचा तो डबल डेकर पूल, 3.14 किलोमीटरचा, गिनीज बुकात गेलेला, ज्याच्यावर आपण सगळे छाती फुगवतो, त्याच्यावर चढलं की सरळ एअरपोर्टच्या बाजूला. तुमचं लॉन पुलाच्या खालच्या भागात असेल तर वर चढायचंच नाही, नाहीतर पुढे जाऊन यू-टर्न मारत परत या. आणि डिसेंबरच्या रात्री रेशमी साडीत आईला मागे बसवून त्या पुलावरून स्कूटी म्हणजे दोन दिवस खोकला पक्का.

रात्रीचं वेगळं गणित आहे. उघड्यावरचे कार्यक्रम दहाला आटपतात, कारण 2000 सालच्या ध्वनी प्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकर बंद. काही ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं तेवढंच. म्हणून दहाला शहरातली सगळी लॉन्स आणि मैदानं एकदम रिकामी होतात. बंद सभागृहाला ही अडचण नाही, त्यामुळे साडेसातचं दोन अंकी नाटक मध्यंतर धरून सव्वादहा-साडेदहापर्यंत आरामात जातं. आणि शेवटची मेट्रो दहाच्या आसपासच असते. म्हणजे मेट्रो जाताना कामाची, रात्री घरी येताना नाही. स्कूटी सभागृहात ठेवायला म्हणूनच सांगून राहिलो. नाटक सुटलं, स्वेटर-स्कार्फ डिकीतून काढा, आणि त्रिमूर्ती नगर गाठा. मेट्रोची त्या दिवशीची वेळ मात्र ॲपवर बघून घ्या, माझ्या भरवशावर राहू नका, सुट्टीच्या किंवा सणाच्या दिवशी वेळा बदलतात. मी काही मेट्रोत नोकरीला नाही.

एक मोठी गोष्ट तुमच्या पोस्टमध्ये नाही, ती म्हणजे तारीख. 1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन आपल्याकडे होतं आणि ते बहुतेक डिसेंबरातच येतं, नेमकं लग्नाच्या तिथी असतात तेव्हा. विधान भवन झिरो माईलच्या जवळच, आमदार निवास सिव्हिल लाईन्समध्येच. त्या दिवसांत मोर्चे, बॅरिकेड, लाल दिवा गेला तरी माज न गेलेल्या गाड्या, सगळं त्याच भागात. तुमची तारीख अधिवेशनात येत असेल तर स्कूटी ठेवायला चारला नाही, अकरा-बाराला जा. झिरो माईलहून ऑटो मिळेल हेही धरू नका, आईला तेवढं चालणं जमेल का ते आधी विचारा. नसेल जमत तर परत येताना बर्डीलाच उतरा आणि तिथून ऑटो करा, थोडा फेरा पडेल पण मिळेल. वाहतूक पोलीस बंद रस्त्यांची यादी आदल्या दिवशी काढतात, पेपरात येते, ती नक्की बघा. तारीख टाकली तर बाकीचं नीट सांगता येईल.