पॅनेल लाइट मंद करायचा तर आधी ड्रायव्हर पाहा

प्रश्न (ठाणे) : हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये 15 वॅटचे सहा एलईडी पॅनेल आहेत. वायरमनने डिमर बसवला. पण बटण निम्मे फिरवेपर्यंत उजेडात फरक पडत नाही आणि पुढे दिवे लुकलुकू लागतात. डिमर खराब आहे का?

डिमर बहुधा चांगलाच आहे. पॅनेलसोबत आलेला ड्रायव्हर त्याच्याशी जुळणारा नाही. पॅनेलमागे वायरीला जोडलेली लहान डबी म्हणजे ड्रायव्हर. 230 व्होल्टच्या एसी पुरवठ्यातून एलईडींना ठरावीक डीसी प्रवाह देणे हे तिचे काम असते, आणि पुरवठा कमीजास्त झाला तरी हा प्रवाह ढळू नये अशीच साध्या ड्रायव्हरची रचना असते. डिमर एसी लहरीचा काही भाग कापतो. ड्रायव्हर आधी ती तूट भरून काढतो, म्हणून उजेड तसाच राहतो, आणि तूट भरता येईनाशी झाली की तो बंद पडून पुन्हा सुरू होत राहतो. तीच तुम्हाला दिसणारी लुकलुक. असे चालू ठेवल्यास ड्रायव्हरमधील कपॅसिटर तापून लवकर निकामी होतो. त्यामुळे योग्य ड्रायव्हर मिळेपर्यंत डिमर काढून साधे बटण लावून घ्यावे. पंख्याचा रेग्युलेटर तर या कामासाठी कधीही वापरू नये.

प्रश्न (सांगली) : नवा डिमेबल (डिमरने उजेड कमीजास्त करू देणारा) ड्रायव्हर घेताना वॅट जुळले की पुरे का?

पुरे नाही. सर्वांत आधी जुळवायचा तो प्रवाह. जुन्या ड्रायव्हरच्या लेबलवर ‘आउटपुट’ या शब्दापुढे, समजा, 300 मिलिअँपिअर आणि 36 ते 60 व्होल्ट डीसी असे छापलेले असेल, तर नव्याचा प्रवाहही 300 मिलिअँपिअरच हवा आणि पॅनेलला लागणारा व्होल्टेज नव्या ड्रायव्हरच्या मर्यादेत बसायला हवा. पॅनेल 48 व्होल्टवर चालत असेल तर 0.3 अँपिअर गुणिले 48 म्हणजे साधारण साडेचौदा वॅट झाले. आता 15 वॅटचाच, पण 600 मिलिअँपिअर आणि 18 ते 25 व्होल्टचा ड्रायव्हर आणलात, तर वॅट जुळूनही हे पॅनेल त्यावर नीट चालणार नाही. स्ट्रिप लाइटसाठी मिळणारे 12 किंवा 24 व्होल्टचे ड्रायव्हर स्थिर व्होल्टेजचे असतात, तेही इथे उपयोगाचे नाहीत. लेबलवर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक आहे ना, हेही पाहावे.

जोडणी करताना एमसीबी बंद ठेवून आधी पॅनेल ड्रायव्हरला जोडावे आणि मगच पुरवठा सुरू करावा. चालू ड्रायव्हरला पॅनेल जोडल्यास त्याच्या कपॅसिटरमध्ये साठलेला जादा व्होल्टेज एकदम एलईडींवर येतो, आणि नवे पॅनेल क्षणात जाऊ शकते. हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे, पण क्रम तुम्हालाही माहीत असलेला बरा.

प्रश्न (पुणे) : दुकानदार ‘फेज-कट’ आणि ‘0-10 व्होल्ट’ असे दोन प्रकार सांगतो. पीओपी पूर्ण झाले आहे. कोणता घ्यावा?

पीओपी झाले असल्याने फेज-कट, म्हणजे एसी लहरीचा काही भाग कापून उजेड कमी करणारा प्रकार. त्यात बटणापासून दिव्यापर्यंतची आहे तीच वायर चालते. फक्त डिमर एलईडीसाठीचा, शक्यतो ट्रेलिंग-एज (लहरीचा शेवटचा भाग कापणाऱ्या) प्रकारचा घ्यावा आणि ड्रायव्हरच्या उत्पादकाने तो चालेल असे म्हटले आहे का ते तपासावे. डिमरवरील 400 वॅट हा आकडा बहुतेक वेळा तारेच्या बल्बसाठी असतो, एलईडीसाठीची मर्यादा त्याहून बरीच कमी असते आणि ती वेगळी दिलेली असते.

0-10 व्होल्टच्या ड्रायव्हरला उजेड किती हवा हे 0 ते 10 व्होल्टच्या इशाऱ्याने सांगणाऱ्या, नियंत्रणाच्या दोन वेगळ्या वायरी लागतात. नवे घर असेल तर माझी पसंती यालाच, कारण उजेड खालच्या पातळीवरही स्थिर राहतो. या वायरी मोकळ्या सोडल्या तर दिवा सहसा पूर्ण उजेड देतो, त्यामुळे डिमर फिरवूनही उजेड बदलत नसेल तर आधी हीच जोडणी तपासावी. अशा अनेक ड्रायव्हरमध्ये दिवा नियंत्रणातून पूर्ण विझत नाही, त्यासाठी बटण वेगळे ठेवावे लागते.

प्रश्न (मडगाव) : डिमर 10 टक्क्यांवर आणला तरी खोली बरीच उजळ वाटते. आणि उजेड बल्बसारखा पिवळसर का होत नाही?

उजेड कमी झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि नजर त्याला सरावते, म्हणून मोजमापाने 10 टक्के उरलेला उजेड आपल्याला सुमारे 30 टक्के भासतो. शयनगृहासाठी 1 टक्क्यापर्यंत उतरणारा ड्रायव्हर मागावा. रंगाचे म्हणाल तर तारेचा बल्ब मंद होताना तार थंड होते म्हणून तो पिवळा पडतो. एलईडीचा रंग जवळपास तोच राहतो. पिवळसर उजेड हवा असेल तर पॅनेलच 3000 केल्विनचे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर) घ्यावे.