अपठित कवितेचं रसग्रहण: उत्तर सारांशाकडे का घसरतं

प्रश्न असा आहे: बी.ए.च्या पेपरात अपठित कवितेवर 10 गुणांचा प्रश्न, हाताशी साधारण 25 मिनिटं, कविता समजते, पण लिहायला बसलं की तिचं गद्य रूपांतरच कागदावर उतरतं.

तसं होतं, कारण आपण पहिल्या ओळीपासून क्रमाने लिहीत सुटतो. "पहिल्या कडव्यात कवी म्हणतो की", "दुसऱ्या कडव्यात कवी सांगतो की"... असं सुरू झालं की सारांशाखेरीज दुसरं काही होऊच शकत नाही. कवितेचा क्रम सोडा आणि तिच्यातल्या एखाद्या ताणावरून सुरुवात करा. तो शोधायचा कसा, हे नमुन्यावर दाखवतो. या ओळी केवळ सरावासाठी रचल्या आहेत:

मागावर सूत / रात्रभर जागे /
दिव्याखाली मागे / आई बसे

तिच्या बोटांवर / निळे लाल डाग /
चादरीला जाग / पहाटेस

गिऱ्हाईक म्हणे / किती छान फुले /
झोपलेली मुले / गोधडीत

पहिल्या वाचनात पेन खाली ठेवा. दुसऱ्या वाचनात फक्त तीन गोष्टींखाली रेघ मारा: कोण बोलतंय, कुठला शब्द किंवा कल्पना पुन्हा येते, आणि कविता कुठे वळते. इथे "जागे", "जाग", "झोपलेली" अशी साखळी सापडते. सूत जागं आहे, चादरीला जाग येते, झोप मात्र फक्त मुलांच्या वाट्याला. आई जागी आहे असं कुठेच म्हटलेलं नाही, तरी ते आपल्याला कळतं. बोटांवरचे निळे-लाल डाग आणि चादरीवरची फुलं यांचे रंग एकच असावेत, हेही कविता उघड बोलत नाही. गिऱ्हाइकाला फुलं दिसतात, डाग दिसत नाहीत. चादर विकली जाते आणि घरची मुलं गोधडीत. हाच ताण. उत्तराचं पहिलं वाक्य यावर उभं करा: "चादर विणणाऱ्या घरातल्या मुलांच्या अंगावर गोधडी आहे, ही विसंगती कविता कुठलीही तक्रार न करता समोर ठेवते."

आता निवेदक, म्हणजे कवितेत बोलणारा. "आई" म्हणणारा तिचं मूल आहे. मग शेवटी "आम्ही" न येता "मुले" का? बोलणारा स्वतःकडेच लांबून पाहतो आहे, कदाचित बऱ्याच वर्षांनी. असं एक निरीक्षण पाच अलंकारांच्या नावांपेक्षा जड भरतं. म्हणूनच "कवी म्हणतो" ऐवजी "निवेदक म्हणतो" लिहायची सवय लावा. कवीच्या चरित्राचा अंदाज बांधणं आपोआप थांबेल.

छंदासाठी अक्षरं मोजा, जोडाक्षर एकच धरून. इथे प्रत्येक कडव्यात 6-6-6-4, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक: जागे-मागे, डाग-जाग, फुले-मुले. म्हणजे मोठा अभंग. बहुतेक मुलं इथवर पोहोचतात आणि लगेच "भक्तिरस" लिहून मोकळी होतात. अभंग हा साचा आहे. त्यात भक्ती असलीच पाहिजे असं नाही. इथला रस करुण. खरी लिहिण्याजोगी गोष्ट चौथ्या चरणाची: तो दोन अक्षरांनी तोकडा असल्यामुळे वाचताना आपण तिथे थबकतो, आणि "आई बसे", "पहाटेस", "गोधडीत" हे वजनदार शब्द नेमके तिथेच आहेत. छंदाचं नाव सांगण्याला फार तर अर्धा गुण. छंद अर्थासाठी काय करतो हे लिहिलंत तर उत्तर वेगळं दिसतं.

अलंकारांत घाई नको. सूत जागतं, चादरीला जाग येते, ही चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असं म्हणणं. चादर आणि गोधडी समोरासमोर आली म्हणून "विरोधाभास" लिहू नका. त्या अलंकारात विधान वरवर अशक्य किंवा परस्परविरोधी भासतं. इथे दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्यात, ती विसंगती. नावाची खात्री नसेल तर नाव गाळा आणि परिणाम लिहा. चुकीचं नाव डोळ्यांत खुपतं.

सोलापूरच्या मुलांसाठी एक खास धोका. अशी कविता आली की पूर्व भागातले यंत्रमाग, बंद पडलेल्या गिरण्या, सोलापुरी चादरीचं भौगोलिक मानांकन असं सगळं धडाधड आठवतं आणि पानभर निबंध होतो. कवितेत यातलं काहीच नाही. ती सोलापूरची आहे असंही तिने म्हटलेलं नाही! विषय ओळखीचा असला की जास्त सावध राहायचं. लिहिलेल्या प्रत्येक विधानामागे कवितेतला एखादा शब्द अवतरणात दाखवता येतो का, ते पाहा. येत नसेल तर विधान खोडा. अवतरण मात्र दोन-चार शब्दांचंच घ्या. पूर्ण कडवं उतरवलं की जागा भरते, गुण नाही.

वेळेचं गणित: वाचन आणि रेघा 7 मिनिटं, मुद्दे 3, लेखन 13, उरलेल्या 2 मिनिटांत शुद्धलेखन. या वेळात 200 ते 220 शब्द होतात, तेवढे पुरतात. चार परिच्छेद धरा: ताण, निवेदक आणि प्रतिमा, छंद-नाद, शेवटी वळण. "अशा प्रकारे ही कविता हृदयस्पर्शी आहे" हे वाक्य कुठल्याही कवितेला चिकटतं, म्हणून ते नको. त्या जागी शेवटच्या ओळीबद्दल एक नेमकं वाक्य लिहा.

सरावाला पाठ्यपुस्तकातल्या कविता घेऊ नका, त्यांचं गाइड डोक्यात बसलेलं असतं. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा घराजवळच्या कुठल्याही वाचनालयात जुने दिवाळी अंक चाळा आणि कवीचं नाव हाताने झाकून 12 ते 16 ओळींची कविता निवडा. पाच कवितांवर फक्त रेघा आणि पहिलं वाक्य, सहावीवर घड्याळ लावून पूर्ण उत्तर. पहिलं वाक्य जमेना तर लेखन सुरू करू नका, तिसऱ्यांदा वाचा, परीक्षेतही हेच.