नळ कापण्याआधी बिल हातात द्यावं लागतं

प्रश्न : 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या सरपंचांनी दवंडी दिली होती, की कोणाचाही नळ कापणार नाही, पाणीपट्टीची चिंता करू नका, घरात राहा, हात धुवा. एप्रिल 2021 मध्ये माझे मालक यवतमाळच्या दवाखान्यात कोरोनाने गेले. वावर मक्त्याने दिलं, मी मजुरीला जाते. पट्टी भरणं राहूनच गेलं. आता मालकांच्या नावाने 7,500 रुपयांची नोटीस दारावर चिकटवली आणि आठच दिवसांत नळ कापला. घर माझ्या नावावर करायला गेले तर म्हणतात, आधी पट्टी भरा. नाली तर कोणी उपसत नाही. पट्टी माफ झाली होती ना? (घाटंजी तालुक्यातील एक भगिनी)

उत्तर : ताई, पट्टी माफ झालेली नाही. हे आधीच सांगतो, कारण त्या भरवशावर तुम्ही थांबलात तर आकडा वाढतच जाईल. सरपंचांना एकट्याने पट्टी माफ करता येत नाही. तसा निर्णय ठरावात यावा लागतो. 2020-21 मधल्या मासिक सभांच्या आणि ग्रामसभांच्या इतिवृत्ताच्या नकला माहितीच्या अधिकारात मागा. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. बहुधा ‘वसुली स्थगित’ असेच शब्द सापडतील, म्हणजे मुदत मिळाली, सूट नाही. माफीचाच ठराव निघाला, तर तो घेऊन थेट गटविकास अधिकाऱ्यांकडे जा.

तरीही ती दवंडी योग्यच होती असं माझं मत आहे. पुण्या-सुरतेहून माणसं पायी गावी येत होती, शाळांमध्ये विलगीकरण चाललं होतं. त्या दिवसांत कोणाचं पाणी तोडणं म्हणजे अख्ख्या गावाला धोक्यात घालणं होतं. पण मोटारीचं वीजबिल, ब्लीचिंग पावडर, पाणी सोडणाऱ्याचा पगार हा खर्च तेव्हाही थांबला नव्हता.

आता नळाकडे येऊ. इथे तुमची बाजू भक्कम आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 129 मध्ये वसुलीचा क्रम ठरवून दिला आहे : आधी देणेकऱ्याला बिल, मग मागणीची लेखी नोटीस, तरीही न भरल्यास जंगम वस्तूंची जप्ती. तुमच्या बाबतीत नोटीस निघाली ती मयत माणसाच्या नावाने. मालक वारल्याचं साऱ्या गावाला ठाऊक असताना त्यांच्या नावाचा कागद दारावर चिकटवून वारसाला म्हणणं मांडायची संधी दिली, असं होत नाही. नळजोडणीच्या अटींमध्ये पाणी बंद करण्याचं कलम असेलही. ते वापरायलासुद्धा आधी तुम्हाला ऐकून घ्यावं लागतं. पाणी हक्क समितीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये पिण्याचं पाणी हा संविधानाच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि बेकायदा झोपड्यांत राहणाऱ्यांनाही पाणी नाकारता येणार नाही असं सांगितलं. तुम्ही तर स्वतःच्या घरात राहता. मात्र त्याच निकालाच्या आधारे फुकट पाणी मागता येणार नाही.

नोटिशीतली ही चूक तुम्हाला वेळ मिळवून देईल, देणं बुडवणार नाही. पाणी तुम्ही आणि मुलांनी वापरलं आहे. ‘तीन वर्षं झाली, आता वसूल करता येत नाही’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सुप्रीम कोर्टाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ न्यायालयीन मुदतींतून वगळला आहे, आणि त्या वादात पडण्याइतकी ही रक्कम मोठी नाही.

घराच्या नोंदीसाठी मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रं जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मृत्यू यवतमाळला झाला, म्हणजे नोंदही तिथलीच. तो दाखला गावातून अडवला जाऊच शकत नाही. नमुना 8 चा, म्हणजे घर कोणाच्या नावावर आहे ते दाखवणाऱ्या नोंदवहीचा, उतारा लोकसेवा हक्क कायदा, 2015 खाली येतो. नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावं लागतं आणि त्यावर 30 दिवसांत अपील करता येतं. बाकी नसल्याचा दाखला मात्र थकबाकी असेपर्यंत मिळणार नाही, आणि तो न देण्यात त्यांचं काही चुकत नाही.

नालीची तक्रार वेगळ्या कागदावर करा. ते ग्रामपंचायतीचं कामच आहे, पण नाली उपसत नाहीत म्हणून पट्टी भरणार नाही, असं म्हणता येत नाही.

या आठवड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक अर्ज द्या : मालकांच्या मृत्यूची माहिती, बिल माझ्या नावाने वर्षवार फोडून द्या, नळ लगेच जोडा, रक्कम मी हप्त्याने भरते. पहिला हप्ता जमेल तेवढा, 500 रुपये असला तरी चालेल, अर्जासोबतच भरा. नमुना 10 ची, म्हणजे पट्टी भरल्याची, पावती घ्या आणि त्यावर कोणत्या वर्षाच्या बाकीपोटी पैसे घेतले ते लिहून घ्या. आकारणीच चुकीची वाटली तर पंचायत समितीकडे अपील करता येतं. हप्त्यांना नकार मिळाला, तर प्रकरण राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवायला सांगा. घरपट्टी-पाणीपट्टीची प्रकरणं तिथे दाखलपूर्व, म्हणजे कोर्टात दावा दाखल होण्याआधीच, येतात आणि तडजोड झाली की तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. स्त्री म्हणून, उत्पन्न कितीही असलं तरी, तुम्हाला तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात जाऊन समितीचं कार्यालय विचारा. जाताना चिकटवलेली नोटीस, मृत्यूचा दाखला आणि जुन्या पावत्या सोबत न्या.