गुऱ्हाळाच्या चिपाडातून लिग्निन काढताना उतारा कमी का येतो

कोलीन क्लोराइड आणि लॅक्टिक ॲसिडच्या सॉल्व्हंटमध्ये गुऱ्हाळावरचं चिपाड १२० अंशांवर शिजवलं, तरी लगदा तपकिरीच राहिला आणि लिग्निन (चिपाडातले धागे एकत्र चिकटवून ठेवणारा घटक) चिमूटभर मिळालं, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या कृतीत शिजवणं झाल्यावर थेट पाणी ओतलंय, घोटाळा तिथेच आहे. पाणी लागताच विरघळलेलं लिग्निन बाहेर पडतं आणि धाग्यांवरच पुन्हा बसतं. पहिली धुणी ॲसिटोन आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन करा. फ्लास्क ५० अंशांखाली आला की मिश्रण त्यातच ओता, हॉटप्लेट बंद ठेवून. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं. घट्ट सॉल्व्हंट पातळ होतं आणि गाळायलाही सोपं जातं. धुवण रंगहीन झालं की मगच साधं पाणी.

कोलीन क्लोराइड कुठून घेतलंत? कोल्हापुरात पोल्ट्री खाद्यवाल्यांकडे स्वस्तात मिळतं ते बहुतेक ६० टक्क्यांचं, मक्याच्या कणसाच्या भुशात मुरवलेलं असतं. त्यातला भुसा म्हणजे नमुन्यात दुसरंच बायोमास. ९८ टक्क्यांचं घ्या, व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ६० अंशांना रात्रभर सुकवा आणि लगेच वजन करा, कारण ते हवेतलं पाणी फार पटकन ओढतं.

माप: ७० ग्रॅम कोलीन क्लोराइडला ९० टक्क्यांचं लॅक्टिक ॲसिड १०० ग्रॅम, म्हणजे मोलमध्ये १:२. ८० अंशांवर नितळ होईपर्यंत ढवळा, तळाशी एकही खडा राहता कामा नये. मग १० ग्रॅम कोरडं चिपाड. चरकात सगळा रस निघत नाही, म्हणून चिपाड आधी गरम पाण्याने दोनदा धुवा. नाहीतर उरलेली साखर आम्लात करपून सगळं काळं करते. भांडं काचेचंच. क्लोराइड आणि आम्ल मिळून स्टीलला खड्डे पाडतात. उतारा वाढवायला १५० अंशांवर मात्र जाऊ नका: लिग्निनचे सुटे तुकडे पुन्हा जुळून काळे, चिवट होतात. माशासारखा वास आला तर कोलीन मोडायला लागलंय.

गाळलेल्या द्रवातलं ॲसिटोन रोटरीवर (कमी दाबाखाली द्रव उडवणाऱ्या यंत्रावर) उडवा, उरलेलं दसपट पाण्यात ओता आणि लिग्निन खाली बसायला रात्रभर ठेवा. कण फार बारीक असतात, फिल्टरपेक्षा सेंट्रिफ्यूज बरं. धुवणात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पांढरा गढूळपणा (क्लोराइड उरल्याची खूण) यायचा थांबेपर्यंत धुवा, नाहीतर लिग्निनच्या वजनात कोलीनही मोजलं जाईल.

आता सॉल्व्हंट पुन्हा वापरण्याबद्दल. लिग्निन काढल्यावर उरलेल्या द्रवातलं पाणी उडवताना लॅक्टिक ॲसिड आपापसात आणि कोलीनशीही एस्टर बनवतं, आम्लपणा घटतो. त्यामुळे दुसऱ्या खेपेआधी सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करा, म्हणजे आम्ल किती उरलंय ते मोजा, आणि जेवढी तूट दिसेल तेवढं ताजं लॅक्टिक ॲसिड घाला.