ग्रामपंचायतीने महामार्गाला दिलेला पाठिंबा नंतर ग्रामसभेने काढून घेतला, तर त्या ठरावाला काही अर्थ असतो का?

कायद्याने बघाल तर फारसा नाही. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गासारख्या रस्त्याला जमीन 1955 च्या महाराष्ट्र महामार्ग कायद्याखाली घेतात, त्यात ग्रामसभेच्या संमतीची अट नाही. पण एवढ्यावर उत्तर संपवणार नाही, कारण आमच्या गावात हेच घडलंय आणि त्यापायी माझं नि चुलतभावाचं बोलणं बंद आहे.

गाव कागल तालुक्यातलं, दूधगंगेकाठचं. शक्तिपीठची मूळ आखणी वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत 802 किलोमीटर, 12 जिल्हे, आणि त्या रेघेत आमचा ऊस. गट नंबर पेपरात आले तेव्हा कळलं, पंचायतीने मासिक सभेत पाठिंब्याचा ठराव करून पत्रही देऊन टाकलंय. ग्रामसभा नाही, दवंडी नाही. पत्राचा मसुदा टाईप करून दिलेला याच आमच्या पुण्याच्या चुलतबंधूंनी. सातबाऱ्यावर सहहिस्सेदार, पण शिवारात पाय फक्त जत्रेला.

आम्ही ग्रामसभा लावायला लावली. पहिली गणपूर्तीअभावी तहकूब! नियम 15 टक्के मतदार किंवा 100, त्यातलं जे कमी ते. माणसं भरपूर होती, हजेरीचं रजिस्टर तेवढं कपाटात आणि किल्ली शिपायाबरोबर तालुक्याला. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे आम्हाला ठाऊक नसेल असं ग्रामसेवकाला वाटलं असावं. पुढच्या सभेला देवळाचा मंडप भरला. भाऊ पुण्याहून गाडी काढून आला, माईक घेतला, समृद्धी महामार्गाचे गोडवे गायले, रस्ता आला की जमिनीला भाव येतो म्हणाला. मागून एक म्हातारं उठलं, "भाव येतोय रं, पर इकायला जमीन ऱ्हायली तर न्हवं?" मंडप हसला. मग पाठिंबा काढून घ्यायच्या ठरावावर हात वर करायला सांगितलं. बायकांच्या बाजूने पहिला हात काकूंचा, म्हणजे त्याच्याच आईचा. ग्रामसेवक प्रोसिडिंगमध्ये 'सविस्तर चर्चा झाली' एवढंच लिहून उठत होते. सूचक-अनुमोदकाची नावं आणि खाली सह्या-अंगठे झाल्याशिवाय पोरांनी वही मिटू दिली नाही.

काकूंनी हात वर केला तो मी शिकवून, असं तो अजून नातेवाइकांत सांगत फिरतो. काकूंना शिकवणारा माणूस अजून जन्मायचाय.

आता ठरावाचा उपयोग. ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. कायदा बदलला नव्हता. लोकसभेला सत्ताधाऱ्यांना फटका बसला होता, गावोगाव विरोध पेटला होता, सत्तेतले हसन मुश्रीफसुद्धा कोल्हापुरात हा रस्ता नको म्हणत होते. निवडणूक पार पडली आणि विषय परत वर आला. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी 20 हजार कोटींना मंजुरी दिली. तेव्हा एकदा ठराव करून घरी बसलात तर तो कागदच. प्रमाणित नक्कल काढा, प्रांत कार्यालयात देऊन आवक शिक्का घ्या, आणि ज्याची जमीन जातेय त्याने स्वतःची हरकत मुदतीत वेगळी नोंदवा. गावाचा ठराव त्या हरकतीची जागा घेत नाही.

'विकासाला विरोध' हे ऐकून कान किटलेत. रत्नागिरी-नागपूर राष्ट्रीय महामार्ग आहेच की, आणि त्याचाच चोकाक-अंकली तुकडा मोबदल्याच्या वादात रखडला; आधी तो करा. शक्तिपीठ ज्या देवस्थानांना जोडणार म्हणतात त्या अंबाबाई, तुळजाभवानी, माहूरची रेणुका, तिन्हीकडे आज गाड्या जातात. 2019 च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता. भरावाला तटून पाणी कसं फुगतं हे बघितलेल्या माणसाला अजून एक आडवा भराव चालणार नाही, मग त्याला कुठल्या का देवीचं नाव द्या.

माझी जमीन जातेय, त्यामुळे मी तटस्थ नाही, हे धरून वाचा. मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावाचा हिशेब वेगळा असू शकतो. तिथे मोबदला घ्यायला तयार असलेले शेतकरीही आहेत, त्यांना मी गद्दार म्हणणार नाही. पेसा क्षेत्रात, म्हणजे अनुसूचित आदिवासी भागात, ग्रामसभेचं वजन जास्त असतं, तुमचं गाव त्यात येत असेल तर वकिलाला विचारा.

आणि सातबारा सामाईक असेल तर आजच वाटप करून खातेफोड, म्हणजे आपल्या हिश्श्याचं वेगळं खातं, करून घ्या. नाहीतर गावात न राहणारा हिस्सेदार पुण्यात बसून आपल्या हिश्श्याची संमती देऊन मोकळा होतो आणि वाद तुमच्या उसात येतो. भावाला हा सल्ला मी तोंडावर दिलाय. वाटपाचा अर्ज तयार आहे, सही त्याचीच राहिलीय.