शिरोलीतल्या आमच्या फौंड्रीत कामगारांनी नव्या कल्पना सुचवाव्यात म्हणून काय करावं?

नुसती सूचनापेटी टांगून काही होत नाही, तिचं कुलूप तेवढं गंजतं. मोल्डिंग-फेटलिंगवाल्याला (वाळूचे साचे बनवणारा, ओतलेला भाग घासून साफ करणारा) सुचतं बरंच, पण बोललं की 'तू तुझं काम बघ' ऐकायला मिळतं, म्हणून तो गप्प. शिफ्ट सुरू होताना रिजेक्ट झालेलं कास्टिंग (ओतलेला भाग) सगळ्यांसमोर ठेवा आणि विचारा, ब्लोहोल (वायू अडकून पडलेलं भोक) कशानं आलं असेल? वाळूतला ओलावा, बंद झालेले व्हेंट (साच्यातून वायू बाहेर जायच्या वाटा), धातू ओतायचा वेग, सगळं बाहेर येतं. तेवढा वेळ सुपरवायझरनं तोंड उघडायचं नाही (हेच सगळ्यात अवघड). सुचवलेलं साच्याच्या दोन-चार बॉक्सवर लगेच करून बघा. जमलं नाही तर का, ते सुचवणाऱ्यालाच सांगा. टोयोटात कामगारांच्या सूचनांची पद्धत १९५१ पासून आहे. बक्षीस छोटं चालेल, पण त्याच महिन्याच्या पगाराबरोबर द्या, दिवाळीवर ढकलू नका.