विश्वचषकाच्या वेळी परदेशी संघाचा झेंडा लावणाऱ्या भारतीय फुटबॉल चाहत्यांना देशाभिमान नसतो का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. अर्जेंटिना-ब्राझीलचे झेंडे मिरवणाऱ्या आपल्या लोकांना देशाभिमान नसतो का, ही पहिली. आणि भारताच्या सामन्याला तिरंगा घेऊन जायचा असेल तर कोणते नियम पाळावे लागतात, ही दुसरी. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘असतो’ असे आहे. परंतु नेमका हाच प्रश्न मला माझ्या गावात, भर चौकात, पंधरा-वीस पोरांच्या देखत विचारला गेला होता आणि त्या वेळी माझ्या तोंडून एक शब्दही फुटला नव्हता, म्हणून आज सविस्तर लिहितो.

आमचे गाव वर्धा जिल्ह्यात, देवळी तालुक्यात आहे. जवळच्या पुलगावला लष्कराचे दारूगोळा भांडार असल्यामुळे तेथील जवानांना फुटबॉल खेळताना पाहूनच माझ्या पिढीला या खेळाचे वेड लागले. मी कापूस आणि तूर पिकवतो आणि संध्याकाळी जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर गावातील पोरांना फुटबॉल शिकवतो. २०२२ च्या डिसेंबरात कतारमधील विश्वचषकाचा अंतिम सामना अर्जेंटिना आणि फ्रान्स यांच्यात ठरला, तेव्हा वेचणी ऐन भरात होती. पोरांनी त्याआधीचे दोन रविवार लोकांच्या वावरात कापूस वेचला होता आणि त्या मजुरीतून अर्जेंटिनाच्या झेंड्याचे कापड घेतले. गावातल्या शिंप्याकडे शाळेच्या गणवेशाचे आकाशी कापड उरलेले होते आणि मधल्या पट्ट्याला पांढरे अस्तर चालून गेले. सूर्य काढायला पोळ्याला बैलांची शिंगे रंगवून उरलेला पिवळा ऑइलपेंट वापरला. डबा तळाला गेलेला होता, रंग घट्ट झालेला होता, त्यामुळे सूर्याचे काही किरण बोटाएवढे जाड तर काही काडीसारखे बारीक आले. सामन्याच्या दिवशी, १८ डिसेंबरला, दुपारी तो झेंडा पारावरच्या लिंबाला बांधला गेला.

दिवस मावळण्याच्या सुमारास काकाजी आले. ते माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, पूर्वी तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते आणि गावात त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नाही. त्यांनी वर पाहिले आणि म्हणाले, “सोताच्या मायले इसरले अन् दुसऱ्याच्या मायचं लुगडं मिरवता?” त्यानंतर त्यांनी पोरांसाठी ‘देशद्रोही’ हा शब्द वापरला आणि मला विचारले, की लेकरांना हेच शिकवतोस का. त्या पोरांत तेरा वर्षांचा एक मुलगा होता, ज्याचा सख्खा मोठा भाऊ सैन्यात आहे. त्यानेच झाडावर चढून झेंडा सोडला, घडी घातली आणि काखेत धरून घरी नेला. रंग पुरता वाळलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी घडी उलगडली तेव्हा सूर्य कापडाच्या दोन्ही बाजूंना उमटलेला होता. रात्री आम्ही सामना पाहिला. ३-३ अशा बरोबरीनंतर पेनल्टींवर अर्जेंटिना ४-२ ने जिंकली, माँटिएलचा शेवटचा फटका जाळ्यात गेला, आणि महिनाभर ज्या क्षणाची वाट पाहिली त्या क्षणी एकही पोर ओरडले नाही. हे मी आजही विसरलेलो नाही.

काकाजींना त्या दिवशी मी जे विचारायला हवे होते, ते असे. भारताने फुटबॉलमध्ये आशियाई क्रीडास्पर्धांचे सुवर्णपदक दोनदा जिंकले, १९५१ ला दिल्लीत आणि १९६२ ला जकार्त्यात, हे तुम्हाला माहीत आहे का? जकार्त्यात प्रेक्षक भारताविरुद्ध हुर्यो करत असताना, डोक्याला टाके पडलेले बचावपटू जर्नेलसिंग पुढच्या फळीत खेळले, त्यांनी गोल केला आणि आपण दक्षिण कोरियाला २-१ ने हरवले, हे तुम्ही एकदा तरी कोणाला सांगितले का? माझ्या पोरांना हे सगळे तोंडपाठ आहे, आणि ते त्यांना फुटबॉलच्या वेडातूनच कळले. मेस्सी पाहण्यासाठी जो मुलगा मोबाईल उघडतो, तोच पुढे भारतासाठी सर्वाधिक गोल करणाऱ्या सुनील छेत्रीपर्यंत पोहोचतो. ज्याला फुटबॉलच नको आहे तो कोठेच पोहोचत नाही.

ज्या कोलकात्यात दर चार वर्षांनी गल्लोगल्ली अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, त्याच कोलकात्यात ६ जून २०२४ रोजी छेत्रीच्या निरोपाच्या सामन्याला सॉल्ट लेकचे मैदान तुडुंब भरले होते. कोळिकोडजवळच्या पुल्लावूरला लोकांनी नदीच्या पात्रात मेस्सी, नेमार आणि रोनाल्डो यांचे प्रचंड कटआउट उभे केले, आणि आय. एम. विजयन यांच्यासारखा खेळाडू भारताला दिला तोही केरळनेच. १९११ मध्ये कोलकात्याच्या मोहन बागान क्लबच्या अकरांपैकी दहा जण अनवाणी पायांनी खेळून ब्रिटिश सैन्याच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आले, तेव्हा आजचा तिरंगा जन्मालाही आलेला नव्हता. मैदानावर होता तो एका क्लबचा पोशाख, तरीही आपण जिंकलो हे साऱ्या देशाला समजले. याउलट १ जून २०१८ रोजी अंधेरीत भारताने चायनीज तैपेईला (म्हणजे तैवानला) ५-० ने हरवले, तेव्हा मुंबईसारख्या शहरातून जेमतेम अडीच हजार लोक आले होते. दुसऱ्या दिवशी छेत्रीला हात जोडून सांगावे लागले की आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. ४ जूनला केनियाविरुद्ध भर पावसात मैदान भरले. सोशल मीडियावर तिरंग्याचे चित्र लावणारे लाखो लोक १ जूनलाही या देशात होतेच, आणि ते आले नाहीत. माझ्या मते देशाभिमान मोजायचाच असेल तर तो येथे मोजावा.

४ जुलै २०२३ रोजी दक्षिण आशियाई फुटबॉलच्या सॅफ स्पर्धेतील भारत-कुवेत अंतिम सामन्याला मी काकाजींना मुद्दाम घरी बोलावले. पोरे डवरणीवरून आली, हातपाय धुऊन ओसरीत बसली, मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवला. पेनल्टींवर आपला गोलरक्षक गुरप्रीत याने कुवेतचा शेवटचा फटका अडवला, बंगळुरूच्या मैदानात हजारो लोक एका सुरात ‘वंदे मातरम्’ गाऊ लागले, आणि माझ्या ओसरीतली पोरे कोणी न सांगता उठून उभी राहिली. ज्याने झेंड्याची घडी घातली होती तो मुलगा त्यांत होता. काकाजी आले नाहीत. फुटबॉलमध्ये काय पाहायचे, असा निरोप त्यांनी पाठवला.

त्याच सामन्यानंतर भारतीय संघातल्या जॅक्सन सिंगने अंगावर मणिपूरच्या मैतेई समाजाचा सात रंगांचा ध्वज घेतला आणि अनेकांनी त्याच्याही देशप्रेमावर शंका घेतली. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध गोल करून फिफाच्या विश्वचषक स्पर्धांतील भारताचा पहिला गोल नोंदवला तो याच मुलाने. त्याचे राज्य मे महिन्यापासून जळत होते आणि त्याला शांततेकडे लक्ष वेधायचे होते, असे त्याने सांगितले. माझा त्याच्यावर विश्वास आहे. घरी आग लागलेल्या मुलाला झेंड्याचे धडे देण्याचा अधिकार मला तरी नाही.

आता आपला दुसरा प्रश्न. २००२ च्या ध्वजसंहितेनुसार तिरंगा जमिनीला किंवा पाण्याला लागू नये, केशरी पट्टा वर असावा, फाटका किंवा मळका ध्वज लावू नये आणि त्यावर काहीही लिहू नये. इंग्लंडचे चाहते आपल्या झेंड्यावर गावाचे नाव लिहितात ते पाहून आपली मुलेही तिरंग्यावर गावाचे नाव रंगवतात. तसे करू नका, नावासाठी वेगळे कापड घ्या. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर यंत्रावर बनवलेला आणि पॉलिएस्टरचा ध्वजही चालतो. काठी आत नेऊ देतात की नाही, हे त्या-त्या मैदानाच्या आयोजकांना विचारावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, क्रीडा सामन्यांना कागदी ध्वज हलवण्याची मुभा संहितेत आहे, मात्र तो नंतर जमिनीवर टाकू नये आणि त्याची विल्हेवाट खासगीत, सन्मानाने लावावी, असेही तेथे स्पष्ट लिहिलेले आहे.

हे मी जोर देऊन लिहितो त्याला कारण आहे. २०२३ च्या १५ ऑगस्टला काकाजींच्या पुढाकाराने मोठी प्रभातफेरी निघाली. फेरी संपल्यावर चौकात, काळ्या चिखलात, कागदी झेंडे पडलेले होते. काहींवरून ट्रॅक्टरचे चाक गेले होते. कतारमध्ये जपानचे चाहते, त्यांचा संघ खेळत नसतानाही, उद्घाटनाच्या सामन्यानंतर कचरा उचलत होते, हे माझ्या पोरांनी पाहिलेले होते. त्यांनी खताच्या रिकाम्या पोत्यात एकेक झेंडा उचलला. ओल्या कागदाचा हिरवा रंग बोटांना लागत होता आणि काडी ओढली की कागद चिखलातच राहत होता, म्हणून ते नखांनी हलकेच सोडवून घेत होते. काकाजी समोरच्या ओट्यावर चहा घेत होते. मी त्यांना काही बोललो नाही. बोलायला हवे होते, असे मला आजही वाटते.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. परदेशी संघांच्या वेडापायी आपली पोरे एकमेकांची डोकीही फोडतात. आमच्याकडे मेस्सी थोर की रोनाल्डो यावरून दोन सख्खे चुलतभाऊ महिनाभर बोलत नव्हते, आणि अशा वेळी मी दोघांनाही मैदानावर येऊ देत नाही. शिवाय सगळेच चाहते विश्वचषक संपल्यावर भारताचे सामने पाहतात असेही नाही. आपल्या ओळखीत तसे कोणी असतील तर त्यांना झेंडा उतरवायला सांगू नका, भारताच्या पुढच्या सामन्याची तारीख सांगा.

२०२५ च्या ऑक्टोबरात मडगावला आघाडी घेऊनही आपण सिंगापूरकडून १-२ ने हरलो आणि २०२७ च्या आशियाई चषकाची आशा संपली. दिवसभर सोयाबीनची सवंगणी करून आलेली नऊ पोरे त्या रात्री शेवटच्या शिट्टीपर्यंत माझ्या ओसरीत बसून होती. त्यांतली सहा त्या आकाशी झेंड्यासाठी कापूस वेचणारी होती. काकाजींना मी त्या दिवशीही निरोप धाडला होता.